एकोणीस दिवस उशिरा वाजलेला भोंगा

आमच्या कारखान्यातील माजी कामगारांनी गेल्या वर्षी स्नेहमेळावा भरवला आणि त्यानिमित्त एक स्मरणिका काढली. तिच्या अकराव्या पानावर माझे छायाचित्र आहे. छायाचित्र माझेच आहे. त्याखालचा मजकूर मात्र दुसऱ्या कुणाचा तरी असावा. ‘स्फोटाच्या क्षणी प्राणांची पर्वा न करता भोंग्याची साखळी ओढून शेकडो सहकाऱ्यांना सावध करणारे आमचे टाइमकीपर’, असे तिथे म्हटले आहे. बाराव्या पानावर आणखी एक शोध आहे: ‘व्यवस्थापनाने योजलेल्या तज्ज्ञांच्या व्याख्यानामुळे व कल्पक उपक्रमांमुळे कामगारांचे मनोधैर्य अल्पावधीत पूर्ववत झाले.’

ही दोन्ही विधाने असत्य आहेत. मी तांबड्या पेन्सिलीने ती अधोरेखित केली आणि चार पानी खुलासा संपादकांकडे पाठवला. हे संपादक म्हणजे आमच्या स्टोअरमधले जुने क्लार्क सावंत. त्यांचा फोन आला.

“मास्तर, कशाला टेन्शन घेताय? तारीफच केलीय ना तुमची? शिव्या तर नाय घातल्या!”

शिव्या घातल्या असत्या तर मी एकवेळ सोडून दिले असते. खोट्या स्तुतीचे तसे नसते; ती अंगावर बसली की धुऊन जात नाही. म्हणून या दिवाळी अंकाच्या संपादकांनी जेव्हा ‘नोकरीतले अनुभव लिहा’ असे सुचवले, तेव्हा मी स्पष्ट कळवले की मी अनुभव लिहिणार नाही, खंडन लिहीन. ते म्हणाले, “चालेल, वाचकांना फरक कळणार नाही.” वाचकांविषयी माझे मत त्याहून बरे आहे.

ज्यांनी कारखान्याचा भोंगा केवळ दुरून ऐकला आहे, त्यांच्यासाठी आधी थोडे व्यवसायाविषयी. ठाणे-बेलापूर रस्त्यावर, तळवलीच्या अंगाला, खाडीकडे पाठ करून आमचा रसायनांचा कारखाना उभा होता. वाशीच्या इमारती तेव्हा नुकत्या उगवू लागल्या होत्या. त्या साऱ्या पट्ट्यात वेळ सांगणारी वस्तू एकच होती, ती म्हणजे आमचा भोंगा. आणि दिवसपाळीला तो वाजवणारा मनुष्यही एकच होता, तो म्हणजे मी. भोंगा बॉयलरच्या वाफेवर चालत असे. फाटकाशेजारच्या माझ्या खोलीत छतातून एक साखळी खाली येई आणि तिच्या टोकाला लाकडी मूठ होती. ती ओढली की वर वाफ सुटे आणि पार घणसोलीपर्यंत कुत्री उठून बसत.

लोकांना वाटे, साखळी ओढायला काय लागते? भोंग्याचे तीन प्रकार होते आणि प्रत्येकाला आपला श्वास होता. पाळी बदलताना मध्यम लांबीचा एक. आग किंवा अपघात झाल्यास आखूड, तुटक, सलग दहा. तो ऐकताच हातातले काम टाकून खाडीकडच्या बांधावर जमायचे आणि मागे फिरायचे नाही. आणि संकट टळले की पुरा एक मिनिट लांब भोंगा. तो वाजेपर्यंत बांध सोडायचा नाही. हे नियम पाठ करून घेण्यासाठी वर्षातून दोनदा कवायत होई आणि ती मीच घेई. नेमणूकपत्रात मी टाइमकीपर होतो. परंतु या कवायतींमुळे सगळे मला मास्तर म्हणू लागले.

तळवलीचा भातही माझ्या भोंग्यावर शिजत असे. एकदा दुपारचा भोंगा चार मिनिटे उशिरा झाला, तर दुसऱ्या दिवशी बारकीबाई मासळीची पाटी घेऊन खिडकीशी हजर. जासई गावचे तिचे माहेर, आणि आवाज मुळातच भोंग्याच्या जातीचा.

“मास्तर, काल झोपला व्हतास काय? माजा भात लागला ना टोपाला! घराला नवरा बोलतो, घड्याल घे. मी बोलली, घड्याल कनाला, मास्तर हाय ना. आथा काय सांगू त्याला?”

त्यांच्या बोलीत साहेबालाही ‘तू’च असते, त्यामुळे मी रागावलो नाही. परंतु माझे घड्याळ बरोबर होते, हे मी तिला ऐकवल्याशिवाय राहिलो नाही. हा ‘घराला नवरा’ म्हणजे हिराजी, आमच्याच दोन नंबरच्या प्लँटमधला ऑपरेटर. जमीन कारखान्यात गेल्यावर जी नोकरी मिळाली तीच. कवायतीत तो माझा सर्वांत गुणी विद्यार्थी होता. इतर लोक बांधावर बिड्या ओढत. हिराजी पायाला पाय जुळवून उभा राहत असे.

आता स्फोट. सोमवारची दुपार होती. दोन नंबरच्या प्लँटमध्ये आधी एक मोठा आवाज झाला, पत्रे उडाले, आणि सगळे जण बाहेर पळाले. तोवर कुणाला फारशी इजा नव्हती. मी खोलीत होतो. साखळी हाताच्या अंतरावर होती. मी टेबलाखाली गेलो. मूठ मला तिथून दिसत होती, किंचित हलतही होती, आणि माझा उजवा हात खांद्यापासून कुणी काढून नेल्यासारखा पडला होता. आखूड दहा वाजलेच नाहीत. काही मिनिटांनी महादू नावाचा ऑपरेटर, हिराजीचा बालमित्र, वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायला आत परतला आणि दुसरा स्फोट झाला. महादू व्हॉल्व्हसाठी गेला, असे स्मरणिका म्हणते. तेवढे एक विधान खरे आहे. त्याला मी पेन्सिल लावलेली नाही. भोंगा वाजला असता तर महादू मागे फिरला नसता, असे मी छातीठोक म्हणत नाही. फिरलाच असता, असेही म्हणू शकत नाही.

हे झाले पहिल्या असत्याचे खंडन. आता मनोधैर्य.

आठवड्याने उरलेला कारखाना सुरू झाला, आणि सुरू झाली ती पळापळ. कॅन्टीनमध्ये आचाऱ्याच्या हातून डाळीच्या पातेल्याचे झाकण पडले, आणि चाळीस माणसे ताटे सोडून टेबलांखाली गेली. खाली जागा नव्हती म्हणून दोघे आचाऱ्याच्याच मागे लपले. कुणीतरी खालून विचारले, “अरे, डाळ हाय का गेली?” आणि चाळीस माणसे टेबलांखालीच हसू लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुढे हे रोजचेच झाले. आधी पळायचे, मग हसायचे, मग एकमेकांना ‘तू आधी पळालास’ म्हणून भांडायचे. बाहेरच्यांना हे निर्लज्जपणाचे वाटे. महादू जाऊन पंधरवडाही उलटला नव्हता. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो: ती माणसे महादूला विसरली नव्हती. त्यांच्या अंगात जे कोंडले होते, ते कुठून तरी बाहेर पडणार होते. बॉयलरला जे समजते ते आमच्या टीकाकारांना समजू नये, याचे मला नवल वाटते.

गावातही तीच तऱ्हा. तळवलीत एक लग्न होते. अंतरपाट दूर व्हायचा, अक्षता पडायच्या, आणि त्याच क्षणी कुणा उत्साही मामाने सुतळी बॉम्ब लावला. मांडव रिकामा झाला. अंतरपाट धरणारे पळाले, बँडवाले पळाले, ढोल तेवढा उरला. भटजींचे उपरणे मांडवाच्या खुंटीत अडकल्यामुळे ते राहिले. आणि हार हातात धरून नवरी राहिली. समोर पाट होता, पाटावर नवरा नव्हता. पाच मिनिटांनी नवरदेव मुंडावळ्या सावरत खाडीकडून परत आले. नवरी म्हणाली, “आला का? परत पलशील तं मना पन संगती घे.” त्या मांडवात एवढा हशा झाला की दुसरा बॉम्ब फुटला असता तरी ऐकू आला नसता. ते जोडपे आज सुखात आहे.

आता स्मरणिकेतले ‘तज्ज्ञांचे व्याख्यान’. मुंबईहून मनाचे डॉक्टर आले, हे खरे. कॅन्टीनमध्ये पडदा लावून ते मेंदूची चित्रे दाखवू लागले. तिसऱ्या चित्राला प्रोजेक्टरचा दिवा फट्कन उडाला. सभागृह रिकामे व्हायला किती वेळ लागला हे मी टाइमकीपर असूनही सांगू शकत नाही, कारण मीही पळत होतो. फाटकापाशी वळून पाहिले तर आमच्याही पुढे, एक बूट हातात धरून, डॉक्टर उभे. धापा टाकत ते म्हणाले, “तुम्हा लोकांना काय होतंय ते मला आत्ता कळलं.” अख्ख्या व्याख्यानातले ते एकच वाक्य मोलाचे होते आणि ते स्मरणिकेत नाही.

व्यवस्थापनाचा पहिला ‘कल्पक उपक्रम’ म्हणजे भोंगा बंद करणे. लोक भोंग्याने दचकतात, तेव्हा भोंगा नको, असा सरळ हिशेब. परिणाम उलटा झाला. पूर्वी दिवसातून तीनदा दचकणारे लोक आता दिवसभर कान टवकारून बसू लागले. गावात बोलणे सुरू झाले की भोंगा वाजत नाही, म्हणजे आत काहीतरी लपवताहेत. मला स्वतःला मात्र, लाजिरवाणे आहे तरी सांगतो, सुटल्यासारखे झाले. कारण स्फोटानंतर मी एकदाही साखळी ओढली नव्हती. हात मुरगळला म्हणून मी तो झोळीत अडकवला होता आणि पाळीचे भोंगे माझा सहकारी वाजवीत असे. माझा हात मुरगळलेला नव्हता.

आणि हिराजी? तो कामावर आलाच नव्हता. रोज सकाळी उठून तो खाडीकडच्या बांधावर जाई आणि अंधार पडेपर्यंत कारखान्याकडे तोंड करून उभा राही. रात्री बारकीबाई ओढून घरी नेई; तिथे तो नीट बोले, जेवे, झोपे. परंतु दिवस उगवला की बांध. गावचा भगत म्हणाला, महादूने धरलंय. डॉक्टर म्हणाले, धक्का. युनियनचे पुढारी म्हणाले, मॅनेजमेंटचा निषेध. प्रत्येकाकडे हिराजीविषयी मत होते. त्याला जाऊन विचारले एकानेही नाही. मीही नाही. मला त्याच्यासमोर उभे राहण्याची हिंमत नव्हती.

स्फोटानंतरच्या एकोणिसाव्या दिवशी, शनिवारी, अकराच्या सुमारास बारकीबाई माझ्या खोलीत आली. पाटी खाली ठेवून तिने पदरातून एक कागद काढला.

“वाच.”

ऑफिसचे पत्र होते. आज दुपारी तीन वाजेपर्यंत कामावर हजर न झाल्यास हिराजीचे नाव पटावरून कमी करण्यात येईल. मी वाचून दाखवले. ती वरच्या साखळीकडे बघत राहिली.

“भगत झाला, डाक्टर झाला, लीडर झाला. आथा तूच उरलास. ह्योच काय तो तुजा भोंगा? एवडीशी साकली?”

“हो.”

“मना वाजवून दाखव.”

“हात दुखावलाय माझा,” मी झोळी पुढे केली.

तिने झोळीकडे निरखून पाहिले. “परवा तं डावा व्हता.”

मी झोळी मागे घेतली. मी काही बोलायच्या आत बारकीबाईने पदर खोचला, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि पाटी उचलायच्या जोराने साखळी ओढली.

कित्येक दिवस मुका असलेला भोंगा भर अकरा वाजता, कसलाही प्रकार न पाळता, गर्जला. पुढची दोन मिनिटे वर्णन करण्यासारखी आहेत. सगळे प्लँट फाटकाकडे धावले. अकाउंट्सचे लोक खिडकीतून उतरले. ऑफिस तळमजल्यावर असूनही त्यांनी दार वापरले नाही. आणि फाटकाशी येऊन पाहतात तो काय, माझ्या खिडकीत बारकीबाई, हातात साखळी, आणि ती खदाखदा हसते आहे.

“अरे बगा रं, मी वाजवला! मी! तुमी सगले मना भिऊन पललात!”

आधी एक जण हसला. मग सगळे. मग गर्दीतून एक फिटर पुढे आला, हात पुसत म्हणाला, “मास्तर, मला पण एकदा.” नियमाप्रमाणे साखळीला हात लावण्याचा अधिकार फक्त तिघांना होता आणि त्यांची नावे भिंतीवर रंगवलेली होती. मी त्या भिंतीकडे पाठ केली. फिटरने साखळी ओढली, स्वतःच दचकला, स्वतःच हसला. ‘आमी पन, आमी पन’ करीत रांग लागली. आपल्याला पळवून लावणारा आवाज आपल्याच मुठीत असतो आणि सोडला की थांबतो, हे प्रत्येकाला स्वतः करून पाहायचे होते. आचाऱ्याने दोनदा ओढला. गावातून नवरी आली, नवऱ्याला पुढे घालून; तिने त्याच्याकडून वाजवून घेतला आणि तो पळत नाही ना, हे पाहायला त्याचा सदरा धरून ठेवला. कुणीतरी आरतीचा ठेका धरला आणि रांगेने टाळ्या दिल्या.

एवढ्यात वर्क्स मॅनेजर आले. लाल झालेले.

“व्हॉट इज धिस, मास्तर? कुणाची परमिशन? मी तुम्हाला सस्पेंड करीन!”

“करा,” मी म्हणालो. “पण रांगेत या.”

ते बोलणे माझे नव्हते, त्या दिवसाचे होते. साहेबांनी रांगेकडे पाहिले, साखळीकडे पाहिले, आणि एकदम आवाज उतरवून म्हणाले, “मास्तर, मी तेव्हापासून बूट घालून झोपतोय हो.” मग त्यांनीही ओढला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. हाच तो दुसरा ‘कल्पक उपक्रम’. व्यवस्थापनाने तो योजला एवढ्या अर्थाने, की त्याने तो थांबवला नाही.

परंतु दोन वाजले तेव्हा माझ्या ध्यानात आले की बारकीबाई हसायची थांबली आहे. ती मागच्या खिडकीतून बांधाकडे बघत होती. पन्नासएक भोंगे झाले होते आणि हिराजी जागचा हललेला नव्हता.

“तीनला किती हाय?” तिने विचारले.

“एक तास.”

मी तिच्याबरोबर बांधावर गेलो. एकोणीस दिवसांत पहिल्यांदाच. हिराजीने मला पाहताच पायाला पाय जुळवले, कवायतीतल्यासारखे.

“हिराजी, असा का उभा आहेस?”

“मास्तर, तू इचारतंस?” त्याच्या स्वरात राग नव्हता, आश्चर्य होते. “तूच शिकवला ना? लांब भोंगा वाजल्याबिगर बांद सोरायचा नाय. सकालधरना ऐकतोय, आखूड, मधला, परत आखूड, मधीच आरती. लांब कंचा तो नाय वाजला. त्या दिसापासून नाय वाजला.”



“महादूला बोललो, भोंगा होऊ दे. तो बोलला, आगीचा वाजलाच नाय तं लांबचा कवा वाजनार? नि गेला. मी नाय जानार, मास्तर. तो वाजला मंजे संपला. नाय वाजला मंजे अजून चालू हाय.”

भगत, डॉक्टर आणि पुढारी यांच्या मतांचा असा निकाल लागला. हिराजीला काहीही झाले नव्हते. कारखान्यात संकट संपल्याचे कुणी जाहीरच केले नव्हते, आणि ते ध्यानात आलेला तो एकटा मनुष्य होता. जाहीर करायचे काम माझे होते.

बारकीबाई एवढेच म्हणाली, “मास्तर, चल. पल!”

मी पळालो. या प्रकरणात मी अनेकदा पळालो, पण योग्य दिशेने एकदाच. खोलीत येऊन झोळी काढली. रांग अजून उभी होती. माझे तोंड पाहून मागे सरली. मी मूठ धरली. हात खाली येईना. घड्याळात पावणेतीन झाले. मागून बारकीबाईचा आवाज आला, “मास्तर, वडतंस का माजा भात लागायची वाट बगतंस?” मला हसू आले, आणि हसण्याच्या त्या भरात हात खाली आला.

पुरा एक मिनिट. मी सेकंदकाट्यावर नजर ठेवून मोजला. एकही सेकंद कमी नाही. रांगेतले कुणी दचकले नाही. विसाव्या सेकंदाला कुणीतरी टोपी काढली आणि मग सर्वांनी काढल्या. मिनिट संपले तेव्हा एवढी शांतता होती की खाडीवरून येणारी पावले ऐकू आली. हिराजी आला. त्याने रांगेकडे पाहिले नाही, साहेबांकडे पाहिले नाही. सरळ माझ्या खिडकीशी आला आणि हजेरीचे कार्ड पुढे केले. मी शिक्का मारला. बारकीबाई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन नाचत होती, हे मी जसेच्या तसे लिहीत आहे.

तेव्हा सावंत, पुढच्या आवृत्तीत एवढी दुरुस्ती करा. स्फोट झाला तेव्हा मी भोंगा वाजवला नाही. एकोणीस दिवसांनी वाजवला. उशीर झाला, हे मला मान्य आहे. ज्याने त्याची वाट पाहिली त्याने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. कार्ड परत घेताना तो इतकेच म्हणाला, “मास्तर, तुजा घड्याल चार मिनटं मागं हाय.”

ते घड्याळ मागे नव्हते. हेही या निमित्ताने नोंदवून ठेवतो.